आधी पाणी तपासा, मग टाइल निवडा

माहीम-केळव्याच्या पट्ट्यात कुणी नवा तरण तलाव बांधायला काढला की काम संपत आल्यावर त्याला एक सल्ला हमखास मिळतो. खोदाई झाली, काँक्रीट झालं, वॉटरप्रूफिंग झालं; आता पाण्याच्या पातळीवरच्या पट्ट्याची टाइल तेवढी तुमच्या आवडीने घ्या. मग कॅटलॉग उघडतो. काचेचं मोझॅइक, निळ्याच्या तीन छटा, मध्येच सोनेरी ठिपका. नाहीतर काळपट, दगडी पोताची टाइल. नाहीतर बंगल्याच्या बाथरूमची उरलेली दोन खोकी. ‘शेवटी शोभेचाच भाग आहे तो,’ असं मालक म्हणतो, मिस्त्री म्हणतो, आणि टाइल विकणारा तर म्हणतोच.

या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. तलावाच्या भिंतीवरचा वरचा एक फूटभर पट्टा हा सगळ्या तलावात जास्तीत जास्त राबणारा भाग आहे. तळाची टाइल कायम पाण्याखाली असते आणि काठाची फरशी बहुतेक वेळ कोरडी. पट्टा मात्र दिवसातून कितीतरी वेळा भिजतो आणि वाळतो. त्याच्यावर ऊन पडतं, पाण्यातला क्षार साचतो, पोहणाऱ्यांच्या अंगाचं तेल आणि सनस्क्रीन चिकटतं, सुरूच्या झाडांचा पाचोळा येऊन अडकतो. हा पट्टा चुकला तर तलाव कुरूप दिसतो, एवढंच नुकसान असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पट्टा चुकला की तलाव वारंवार उपसावा लागतो. आणि माहीमसारख्या विहिरींवर जगणाऱ्या गावात तलाव उपसणं ही कुणाची खाजगी बाब राहत नाही.

आधी पाण्याचा हिशेब मांडू. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल असा मध्यम तलाव धरा. त्यात 38,400 लिटर पाणी मावतं. पाण्याचा उघडा पृष्ठभाग 32 चौरस मीटर. कडक उन्हाच्या दिवसांत त्यातून रोज 5 मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं तर रोज 160 लिटर भरणा घालावा लागतो. विहिरीच्या किंवा बोअरच्या त्या पाण्याची कठीणता लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर त्या भरण्याबरोबर रोज 64 ग्रॅम क्षार तलावात येतो. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी; क्षार मागे राहतो. शंभर दिवसांत हा हिशेब सहा किलोच्या वर जातो. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरून थोडा क्षार बाहेर पडतो, हे खरं. बाकीचा तलावातच फिरत राहतो आणि जागा सापडली की बसतो.

त्याला जागा सापडते ती पाण्याच्या रेषेवर. तिथे पाण्याचा पातळ थर टाइलवर चढतो, उन्हाने तापतो, वाळतो. तापलेल्या पाण्यात चुन्याचा क्षार कमी विरघळतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेला की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढतो आणि क्षार आणखी लवकर बाहेर पडतो. त्यातून टाइलवर पांढरी, खरखरीत कडा धरते. तेल आणि धूळ त्या खरखरीत थरालाच चिकटतात. बहुतेक मालकांना दिसतो तो काळपट-पिवळट डाग वरचा. त्याच्या खाली चुना असतो, म्हणून साबणाने तो जात नाही.

मग येतो दुसरा सल्ला: ‘डाग पडले तर पाणी काढून अॅसिड मारून घेऊ, त्यात काय!’ या सल्ल्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्या चुकीचं मूळ इथे आहे. पट्टा वाटेल तो घ्या आणि नंतर अॅसिडने निभावून न्या, असा त्याचा अर्थ होतो. बाजारात मिळणारं मुरिॲटिक अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते चुन्याचा थर विरघळवतं आणि त्याच हाताने टाइलांमधलं सिमेंटचं ग्राउटही खातं, कारण सिमेंटमध्येही चुनाच आहे. पट्टा कडप्प्याचा किंवा शहाबादी असेल तर प्रश्नच मिटला. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आम्ल त्यांचाही पृष्ठभाग चरतं. एकदा ग्राउट खडबडीत झालं की पुढचा क्षार आणखी वेगाने बसतो. पहिल्या धुण्यानंतर पट्टा वर्षभर टिकला तर दुसऱ्या धुण्यानंतर तेवढा टिकत नाही. म्हणजे ज्याला उपाय म्हणतात तोच पुढच्या डागाची तयारी करून जातो.

आणि पाण्याचं काय? अॅसिड मारायला पाणी खाली घ्यावं लागतं. बरेच ठेकेदार सगळा तलावच रिकामा करतात. 38,400 लिटर क्लोरीनचं पाणी बाहेर, आणि पुन्हा तेवढंच विहिरीतून आत. हे सारं बहुतेक मे महिन्याच्या तोंडावर, हंगाम सुरू होताना, विहिरी तळाला गेलेल्या असताना. माहीम आणि केळवं ही वाड्यांची गावं आहेत. पानवेल, केळी, नारळ, सुपारी, भाजी: सगळं विहिरीच्या गोड्या पाण्यावर. पानवेलीला तर खारट पाणी अजिबात सोसत नाही. किनाऱ्यालगत गोडं पाणी हे खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॅडन गायबेन आणि त्यानंतर हर्झबर्ग यांनी मांडलेला नियम जलशास्त्रात आजही शिकवतात: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जेवढी, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. वरची पातळी एक मीटर उतरली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकतं.

एका तलावाने विहीर खारी होत नाही, हे मला मान्य आहे. पण तलाव आता एकच राहिलेला नाही, आणि प्रत्येकाचा उपसा त्याच आठवड्यांत होतो. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांसाठी अट घातलेली होती: भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायचं नाही, आणि 200 ते 500 मीटरच्या पट्ट्यात भूजल मंडळाच्या संमतीनेच उपसायचं. किनाऱ्याचं गोडं पाणी किती नाजूक आहे हे धोरण आखणाऱ्यांना कळलेलं होतं, म्हणून ती अट आली. टाइल निवडणाऱ्यालाही ते कळायला हवं.

बाहेर सोडलेल्या पाण्याचाही विचार हवा. पाणेरी नदीत येणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध माहीम-वडराईच्या लोकांनी आवाज उठवला. तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. ज्या भागाने रासायनिक पाण्याची एवढी किंमत मोजली, तिथे आपणच अॅसिडचं धुणं शेजारच्या ओहोळात सोडणं शोभत नाही. ते प्रमाणाने कारखान्याच्या पाण्यापुढे नगण्य आहे, पण शेजाऱ्याच्या वाडीच्या बांधावरून वाहतं तेव्हा नगण्य नसतं.

म्हणून माझा मुद्दा असा: पट्ट्याची टाइल अशी घ्यावी की जी तलाव न उपसता, अॅसिड न मारता, आठवड्याला मऊ फडक्याने पुसून स्वच्छ राहील. बाकी सगळे निकष याच्या मागे. आता या मुद्द्यावर जे आक्षेप येतात ते एकेक घेतो.

पहिला आक्षेप: ‘गडद टाइल घ्या, मळ दिसत नाही.’ हा सल्ला नदीच्या किंवा पावसाच्या मऊ पाण्याला कदाचित लागू पडेल. इथे डाग मुळात चुन्याचा आहे आणि चुना पांढरा असतो. काळ्या किंवा गडद निळ्या टाइलवर तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठळक दिसतो. शुभ्र टाइलवर उलट तेलाची पिवळट कडा उठून दिसते. मधल्या छटेवर, म्हणजे राखाडी-हिरव्या, फिक्या मोरपंखी किंवा मध्यम निळ्यावर, दोन्ही बेताने दिसतात. आणि बेताने दिसलेच पाहिजेत. मळ लपवणारी टाइल ही स्वच्छतेची शत्रू आहे, कारण थर पातळ असताना तो पुसला जातो आणि जाड झाल्यावर खरवडावा लागतो. पातळ असतानाच दिसेल अशी टाइल हवी.

गडद रंगाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथे मी सौंदर्याची चर्चाच करायला तयार नाही. पट्टा गडद, म्हणून भिंती गडद, म्हणून तळही गडद, अशी जी लाट आली आहे ती धोक्याची आहे. पाण्यात वस्तू मुळातच जवळ भासतात, 1.2 मीटर खोली वरून पाहणाऱ्याला जेमतेम 90 सेंटिमीटर वाटते. त्यात तळ काळा असेल तर खोलीचा अंदाजच राहत नाही आणि तळाशी गेलेलं मूल काठावरून दिसत नाही. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदर्श जल आरोग्य संहितेत सार्वजनिक तलावांचं आतलं अंग पांढरं किंवा फिक्या रंगाचं असावं असं सांगितलं आहे. स्पर्धेच्या तलावांत तळ फिका आणि मार्गिकेच्या रेषा गडद असतात, तेही नीट दिसावं म्हणूनच. केळव्याच्या समुद्रात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. ‘समुद्रात नको, तलावात पोहा,’ असं पाहुण्यांना सांगणाऱ्याने तो तलाव आरपार दिसेल असा ठेवला पाहिजे. तळ फिकाच हवा; रंगाची हौस पट्ट्यावर करा.

दुसरा आक्षेप: ‘मोझॅइकशिवाय तलाव तलावासारखा दिसत नाही.’ मोझॅइकच्या विरोधात मी नाही. वळणदार, गोल कोपऱ्यांच्या तलावाला मोठी टाइल बसतच नाही. तिथे दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडेच लागतात. काचेचं मोझॅइक पाणी शोषत नाही, हाही त्याचा मोठा गुण. पण मोझॅइक घेताना आपण नेमकं काय विकत घेतो ते बघा. 20 मिलिमीटरचा तुकडा आणि 2 मिलिमीटरची फट असेल तर पृष्ठभागाचा सुमारे 17 टक्के भाग ग्राउटचा असतो. 300 मिलिमीटरची टाइल आणि 3 मिलिमीटरची फट असेल तर हाच भाग दोन टक्क्यांवर येतो. क्षार आणि शेवाळ टाइलवर नव्हे, फटीत घर करतात. म्हणजे मोझॅइक घेणाऱ्याने काचेवर जेवढा विचार केला त्याच्या दुप्पट ग्राउटवर करायला हवा, आणि नेमकं तिथेच पैसे वाचवले जातात. ‘पांढरं सिमेंट भरून टाकू’ हे वाक्य ऐकलं की मालकाने काम थांबवावं. पट्ट्याला इपॉक्सी ग्राउटच हवं. ते महाग आहे, लावायला अवघड आहे, मिस्त्रीला ते भराभर पुसून घ्यावं लागतं. पण ते पाणी शोषत नाही आणि चुन्यासारखं झिजत नाही.

मोझॅइकच्या शीटचाही प्रश्न आहे. मागे जाळी आणि गोंद लावलेली शीट बसवायला सोपी, पण त्या जाळीमुळे तुकड्याची पूर्ण पाठ चिकटत नाही, आणि गोंद पाण्यात विरघळणारा असेल तर तुकडे सुटतात. पुढून कागद लावलेली शीट पाण्याखाली जास्त भरवशाची, कारण प्रत्येक तुकड्याची पाठ अॅडहेसिव्हला मोकळी मिळते. स्वस्त काचेच्या तुकड्यांना मागून नुसता रंग मारलेला असतो. पाणी मागे शिरलं की तो रंग पापुद्र्यासारखा सुटतो. सोनेरी आणि इंद्रधनुषी चमक बहुधा वरच्या पातळ लेपाची असते आणि एका अॅसिडच्या धुण्यात ती मंदावते. तुकडा मोडून बघा. रंग आरपार काचेतच असेल तर घ्या.

तिसरा आक्षेप: ‘टाइल म्हणजे टाइल. बाथरूमची चालते, ती काय भिजत नाही?’ भिजते, पण बुडून राहत नाही. भिंतीची साधी चकचकीत सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. पोर्सेलीनची मर्यादा अर्धा टक्का आहे. पाणी शोषलेली टाइल मागून फुगते, तिच्या चकाकीवर केसासारख्या चिरा पडतात, आणि त्या चिरांमध्ये क्षार बसला की तो कशानेही निघत नाही. मोरबीहून राष्ट्रीय महामार्ग 48 वरून येणाऱ्या मालात दोन्ही प्रकार सारख्याच दिसणाऱ्या खोक्यांत असतात. खोक्यावरचा शोषणाचा आकडा वाचायला दोन मिनिटं लागतात. आकडा नसेल तर टाइलची उघडी पाठ ओली करून बघा; पाणी झटकन आत गेलं तर ती टाइल तलावाची नव्हे. पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत घ्या. दगडी पोताच्या मॅट टाइलचे खळगे चुन्याला धरून ठेवतात. ओल्या पायांसाठी खरखरीतपणा काठावर आणि पायऱ्यांवर हवा. उभ्या पट्ट्यावर कुणी चालत नाही.

चौथा आक्षेप: ‘मग ओव्हरफ्लो तलावच घ्या, पट्ट्याचा प्रश्न उरतच नाही.’ मोठ्या सार्वजनिक तलावाला हे उत्तर बरोबर आहे. पाणी सतत काठावरून नालीत पडत राहतं, तरंगणारा मळ त्याच्याबरोबर जातो. पण त्यासाठी बॅलन्सिंग टँक लागतो आणि पंप सतत चालू ठेवावा लागतो. पंप बंद झाला, वीज गेली, की पाणी काठाखाली उतरतं आणि तिथे रेषा धरतेच. शिवाय नालीतून पडणाऱ्या पाण्याची वाफ जास्त होते, म्हणजे भरणाही जास्त. दोन-चार खोल्यांच्या होमस्टेला स्किमरचा, म्हणजे भिंतीतल्या तोंडातून वरचा मळ ओढून घेणारा, साधा तलाव आणि नीट निवडलेला पट्टा हाच बेताचा मार्ग आहे.

पाचवा आक्षेप खर्चाचा. वर घेतलेल्या तलावाचा परीघ 24 मीटर आहे. 30 सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे 7.2 चौरस मीटर. तळ आणि भिंती मिळून सुमारे 61 चौरस मीटर होतात. पट्टा त्यातला जेमतेम आठवा भाग. उत्तम टाइल, उत्तम अॅडहेसिव्ह आणि इपॉक्सी या आठव्या भागात वापरून बाकीच्या ठिकाणी साधं फिकं काम केलं तरी तलाव चांगला होतो. उलटं केलं, म्हणजे तळाला महागडं मोझॅइक आणि पट्ट्याला उरलेला माल, तर होत नाही. पैसे कमी असतील तर ते पट्ट्यात घाला, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता टाइलांच्या मेळाबद्दल, कारण नवा तलाव बांधणाऱ्याला खरी उत्सुकता त्याचीच असते आणि ती रास्त आहे. रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, कोरड्या नमुन्यावर ठरवू नये. टाइल भिजली की बहुतेक वेळा गडद दिसते. पाणी लाल छटा आधी शोषतं, त्यामुळे पाण्याखाली सगळंच थोडं निळ्याकडे झुकतं. पांढऱ्या तळाचा तलावही निळा दिसतो, हे आपण पाहिलेलंच आहे. म्हणून समुद्राचा निळा विकत घेण्याची गरज नाही. पाणी आणि आकाश तो फुकट देतात. तळ पांढरट किंवा अगदी फिका हिरवा, पट्टा मध्यम छटेचा, आणि पायऱ्यांच्या कडेला पट्ट्याचीच एक ओळ: एवढे दोन रंग पुरतात. पायरीची कडा वेगळ्या रंगात दिसली की उतरणाऱ्या आजी-आजोबांचा पाय चुकत नाही. तिसरा रंग आला की नजर पाण्यावरून उडून टाइलवर जाते, आणि तो माल पुन्हा मिळाला नाही तर दुरुस्तीही अडते. सगळी खोकी एकाच बॅचची, एकाच शेडची घ्या आणि दहाव्या हिश्श्याइतका माल जास्तीचा ठेवा.

मेळ रंगाचा असतो तसा जाडीचाही असतो, आणि हे फार कमी लोक बघतात. काचेचं मोझॅइक साधारण 4 मिलिमीटर जाड, पोर्सेलीन टाइल 8 ते 9 मिलिमीटर. दोन्ही सारख्याच थरावर बसवले तर पाण्याच्या रेषेजवळ अर्ध्या सेंटिमीटरची पायरी तयार होते, आणि मळ बसायला त्याहून सोयीची जागा नाही. पातळ टाइलच्या मागचा थर तेवढा वर घेऊन पृष्ठभाग एका पातळीत आणायला मिस्त्रीला आधीच सांगावं लागतं. पट्ट्याची उंची टाइलच्या पूर्ण ओळींत बसली पाहिजे. कापलेली अर्धी ओळ नेमकी पाण्याच्या रेषेवर येते असं कितीतरी तलावांत दिसतं. म्हणून टाइल काँक्रीट ओतण्याआधी ठरवावी लागते. ‘शेवटी ठरवू’ हा सल्ला याच कारणाने सगळ्यात महाग पडतो. स्किमरच्या तलावात पाणी उन्हाळ्यात चार-पाच सेंटिमीटर सहज खाली जातं आणि पावसात वर चढतं; 15 सेंटिमीटरचा पट्टा तिथे पुरत नाही. काठाच्या लादीपासून नेहमीच्या पातळीखाली निदान 15 सेंटिमीटर जाईल एवढा, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटरचा घ्यावा. आणि लादी व पट्टा यांच्यामधली फट ग्राउटने भरू नये. ऊन लागून काठाची फरशी पसरते आणि ग्राउट कडक असेल तर पट्ट्याच्या टाइलांना ढकलून सोडवते. तिथे सिलिकॉन सीलंटसारखा लवचिक जोडच हवा.

पावसाळ्याचा विचार तर कुणीच करत नाही. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तलाव उघडेच असतात. पावसाच्या पाण्यात कठीणता जवळजवळ नसते. तलावाचं पाणी पातळ झालं की ते भुकेलं होतं आणि सिमेंटमधला चुना ओढून घेतं. 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅन्जलिअर यांनी जो निर्देशांक मांडला तो हेच मोजतो: पाणी क्षार टाकणार की खाणार. माहीमच्या तलावात आठ महिने क्षार टाकणारं पाणी असतं आणि चार महिने क्षार खाणारं. सिमेंटचं ग्राउट या दोन्ही माऱ्यांत सापडतं. इपॉक्सी दोन्ही सोसतं. आणि पावसाळ्यात तलाव रिकामा करून पट्टा घासायचा विचारही करू नका. भूजल वर आलेलं असतं. रिकाम्या टाकीला खालून पाणी उचलतं आणि तळ फुटतो.

शेवटचा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि मला तो सगळ्यात आदराने घ्यावासा वाटतो. वाडीवाले म्हणतात, ‘पानमळे सुकत असताना तुम्ही टाइलांच्या छटांवर काय बोलता? तलावच नकोत.’ ज्या जागी विहीर आधीच मचूळ झाली आहे तिथे तलाव नकोच, हे मीही म्हणतो. पण केळवे-माहीमच्या कितीतरी घरांची चूल आता पर्यटकांवर पेटते, आणि त्यांना तलाव बांधू नका एवढंच सांगून कुणी ऐकणार नाही. तलाव होणार असेल तर तो वर्षानुवर्षं एकाच पाण्यावर चालला पाहिजे. पाणी गाळून, तोलून, झाकून तेच वापरायचं. ते शक्य आहे की नाही हे अर्ध्याहून अधिक त्या फूटभर पट्ट्यावर ठरतं. छटांबद्दलचं हे बोलणं म्हणूनच विहिरीबद्दलचं बोलणं आहे.

तेव्हा नवा तलाव बांधणाऱ्याने कामाचा क्रम उलटा करावा. पहिल्यांदा आपल्या विहिरीच्या पाण्याची तपासणी: कठीणता, क्षारता, सामू, लोह. पुढे तलावाचं पाणी सामू 7.2 ते 7.8, क्षारता लिटरला 80 ते 120 आणि कठीणता 200 ते 400 मिलिग्रॅम यांत ठेवायचं असतं. विहिरीचं पाणीच त्याच्या पलीकडे असेल तर छतावरचं पावसाचं पाणी साठवून भरण्यात मिसळायची सोय आराखड्यातच करा. दुसरं, आवडलेल्या चार-पाच टाइला, हवं ते ग्राउट भरून, आपल्याच विहिरीच्या पाण्याच्या टबात अर्ध्या बुडवून उन्हात ठेवा. पाणी आटेल तसं भरत राहा. महिन्याभराने प्रत्येकीवर रेषा धरलेली असेल. मऊ फडकं आणि पातळ व्हिनेगर घेऊन पुसा. जी सहज स्वच्छ होईल ती टाइल तुमची, मग ती कॅटलॉगच्या कुठल्याही पानावर असो. तिसरं, ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या: टाइलचं शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत, पट्ट्याला इपॉक्सी ग्राउट, लादीखाली लवचिक जोड, जाड-पातळ टाइला एका पातळीत.

एवढं केल्यावर रंग तुमच्या आवडीचा घ्या. तेव्हा तो हक्क तुमचाच आहे. त्याआधी मात्र टाइलच्या निवडीत तुमच्या विहिरीचा, आणि तुमच्या विहिरीशी खालून जोडलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीचाही वाटा आहे, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे.